मत नसलेल्या बाईचा प्रचार

सासऱ्यांना फोनवर सांगितलं तेव्हा ते आधी हसलेच.

"राज्यपालाची निवडणूक? अगं, राज्यपाल कुठे निवडून येतो? त्याला दिल्लीहून पाठवतात. तो राजभवनात राहतो, झेंडावंदन करतो आणि पदवीदानाला झगा घालून बसतो."

"बाबा, इथे जपानात तो निवडून येतो. आणि दवाखानेही चालवतो."

"मग तो मुख्यमंत्रीच झाला की."

"हो, पण आमदारांनी निवडलेला नाही. लोक थेट त्यालाच मत देतात."

सासरे बँकेतून निवृत्त झालेले. रोज दोन वर्तमानपत्रं अग्रलेखासकट वाचायची आणि मग संपादकांच्या चुका सासूबाईंना समजावून सांगायच्या, हा त्यांचा नेम. आपल्याला ठाऊक नसलेला राज्यपाल जगात असू शकतो हे पचवायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी बरोबर वर्मावर बोट ठेवलं. "बरं, असेल. पण तुला काय त्याचं? तुला तिथे मत आहे का?"

नव्हतं. पण त्या हिवाळ्यात त्या निवडणुकीवर माझ्याइतका जीव टांगलेला माणूस सबंध प्रांतात दुसरा नसेल. मला सहावा महिना होता, आणि माझं बाळ कुठे जन्माला येणार हे त्या निकालावर ठरणार होतं.

माझा नवरा सॉफ्टवेअरमधला. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत पुण्या-मुंबईची निम्मी कॉम्प्युटरवाली मंडळी जपानला निघाली होती. बहुतेक सगळी तोक्योत उतरायची, निशी-कासाई नाहीतर फुनाबोरीला घर घ्यायची. तिथे पोळीची कणीक मिळायची, भिशी चालायची, संक्रांतीला तिळगूळ घ्यायला दार उघडं असायचं. आमच्या नशिबी मात्र समुद्रकाठचं एक लहान गाव आलं. नवऱ्याच्या कंपनीचं गिऱ्हाईक म्हणजे तिथला यंत्राचे सुटे भाग करणारा कारखाना. गावात एक सुपरमार्केट, एक कोंबिनी म्हणजे चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान, तासाला एक गाडी जाणारं स्टेशन आणि टेकडीवर प्रांताचं सरकारी इस्पितळ. सुरुवातीला मी तिथे अशी चिडचिडी होऊन बसले होते की नवरा संध्याकाळी दार उघडण्याआधी खाकरायचा.

माझी चिडचिड घालवली ती शेजारच्या आजीने. तिला मी आजीच म्हणायचे. तिने अर्थ विचारला, मी सांगितला, तिला तो शब्द आवडला आणि नंतर ती फोनवरही "आजी बोलतेय" म्हणू लागली. ती निवृत्त सुईण. टेकडीवरच्या इस्पितळात उभी हयात बाळंतपणं केलेली. गावातली अर्धी माणसं तिने स्वतःच्या हाताने जगात आणलेली. त्यामुळे पोलीस असो, पोस्टमन असो, ती कोणालाही "स्वेटर घाल" म्हणून दटावू शकायची. मला दिवस गेल्याचं नवऱ्याच्या आधी तिने ओळखलं. मी कचऱ्याची पिशवी चुकीच्या वारी बाहेर ठेवली होती, आजी ती परत द्यायला आली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तू आता जड पिशव्या उचलायच्या नाहीत."

आता प्रश्न बाळंतपणाचा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. सांगलीला वडील आणि भाऊ. दोघेही प्रेमळ, आणि दोघांनाही चहा उतू जातो हे उतू गेल्यावर कळतं. सासूबाई म्हणाल्या, "इकडे ये, मी करते." त्या मनापासून म्हणाल्या. पण त्याच महिन्यात माझ्या नणंदेची वेळ होती, आणि तिचं पहिलं बाळंतपण तिच्या माहेरीच, म्हणजे त्यांच्याकडेच, होणार होतं. एका घरात दोन बाळंतिणी, त्यातली एक लेक आणि एक सून. सासूबाईंनी काही कमी केलं नसतं, हे मला माहीत होतं. पण लेकीच्या खोलीतून तिच्या आईचा आवाज येईल आणि मी पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडेन, हेही मला दिसत होतं. मला ते नको होतं. फुनाबोरीच्या मैत्रिणी म्हणाल्या, आमच्याकडे ये. पण त्यांची घरं दोन खोल्यांची आणि त्या दिवसभर नोकरीवर. मी ठरवलं, इथेच. आजी आहे, टेकडीवर इस्पितळ आहे. आणखी काय पाहिजे?

आणि तेवढ्यात बातमी आली की मार्चअखेर इस्पितळातला प्रसूतिविभाग बंद होणार. विद्यापीठाने आपले डॉक्टर परत बोलावले होते, दुसरे मिळत नव्हते. माझी तारीख एप्रिलच्या शेवटची. सगळ्यात जवळचं प्रसूतीचं इस्पितळ प्रांताच्या मुख्य शहरात, किनाऱ्याच्या वळणावळणाच्या रस्त्याने तास-सव्वातास. नवऱ्याला गाडी चालवता येत नव्हती. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ती अशी.

त्याच सुमारास राज्यपालाची निवडणूक लागली. इस्पितळ प्रांताचं, म्हणजे ते राज्यपालाच्या हातात. बरीच वर्षं खुर्चीवर असलेले गृहस्थ पुन्हा उभे होते. त्यांना बिल्डरांच्या संघटनेचा पाठिंबा, शेतकऱ्यांचा, कोळ्यांचा, दंतवैद्यांचासुद्धा. त्यांच्याविरुद्ध उभी राहिली एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ बाई. तिचं म्हणणं एकच होतं: टेकडीवरचा प्रसूतिविभाग आणि त्याच्यासारखे आणखी काही विभाग बंद होऊ देणार नाही. तिला पाठिंबा कोणाचा, तर आजीसारख्या निवृत्त सुइणींचा.

आजीने गावात तिची कचेरी उघडली. बंद पडलेलं खेळण्यांचं दुकान, मधोमध रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर किटली. मी दुसऱ्याच दिवशी तिथे हजर झाले. आजीला म्हटलं, "काहीही काम दे." तिने मला पत्रकांवर टिकल्या चिकटवायला बसवलं. तिथे प्रत्येक प्रचारपत्रकावर निवडणूक कचेरीने दिलेली एकेक लहानशी टिकली चिकटवावी लागते. टिकलीशिवाय पत्रक वाटलं तर गुन्हा. मी पोटावर पुठ्ठा ठेवायचे आणि दुपारभर टिकल्या लावायचे. बाळ आतून लाथ मारायचं आणि टिकली तिरकी बसायची.

सांगलीच्या निवडणुका बघून मोठ्या झालेल्या मला तिथलं एकेक बघून हसू आवरेना. आपल्याकडे भिंत दिसली की रंगवायची. तिथे समाजमंदिरासमोर लाकडी फळा, फळ्यावर आखलेले चौकोन, आणि प्रत्येक उमेदवाराचं चित्र आपापल्या चौकोनात. एक बोटभर बाहेर नाही. प्रचाराच्या गाडीतून पांढरे हातमोजे घातलेल्या बाया हात हलवत उमेदवाराचं नाव घ्यायच्या आणि पुन्हा पुन्हा "कृपा करा, कृपा करा" म्हणायच्या. कोणी कोणाचा बाप काढत नव्हतं. कहर म्हणजे दोन विरोधी गाड्या समोरासमोर आल्या की दोन्ही भोंग्यांतून एकमेकांना शुभेच्छा द्यायच्या. आजीने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ती माझी फिरकी घेतेय.

कचेरीचा कारभार एका निवृत्त गृहस्थांकडे होता. ते नगरपालिकेत कारकून होते. त्यांना मी मनातल्या मनात नियमकाका म्हणायचे. त्यांच्याजवळ निवडणूक कायद्याचं पुस्तक असायचं आणि त्यात इतक्या रंगीत चिठ्ठ्या खोचलेल्या की पुस्तक मोरासारखं दिसायचं. त्यांचं आणि माझं वाजलं ते वड्यांवरून.

त्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली होती. म्हातारी मंडळी सकाळपासून स्टेशनासमोर उभी राहून यायची, येऊन गरम पाणी प्यायची आणि पुन्हा बाहेर पडायची. मला ते बघवेना. आपल्याकडे निवडणूक म्हटली की कार्यकर्त्याला आधी वडापाव, मग घोषणा. उपाशीपोटी कोणी कोणाचा जयजयकार केलेला मी तरी पाहिला नव्हता. फुनाबोरीच्या मैत्रिणीने पाठवलेलं बेसन मी जपून ठेवलं होतं, ते सगळं काढलं. सकाळभर उभी राहून बटाटेवडे तळले, मोठ्या डब्यात भरले, डबा शालीत गुंडाळला आणि मिरवत कचेरीत गेले.

झाकण उघडलं. वास दुकानभर पसरला. सगळ्यांनी माना वळवल्या. कोणी हात पुढे करेना.

नियमकाका उठले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "फार फार आभारी आहोत. पण हे आम्हाला घेता येत नाही. निवडणुकीच्या कामात कोणी कोणाला खायला घालायचं नाही, असा कायदा आहे."

"उमेदवाराने घालायचं नाही ना? मी कुठे उमेदवार आहे?"

"कोणीही."

"मला तर मतसुद्धा नाही."

"तरीही, कोणीही." त्यांचा चेहरा खरोखर दुःखी झाला होता. "चहा चालतो. आणि चहाबरोबर नेहमी खातात तेवढा खाऊ चालतो."

एवढी फट मला पुरेशी होती. मी म्हटलं, "मग प्रश्नच मिटला! आमच्याकडे वडा चहाबरोबरच खातात. सबंध महाराष्ट्रात विचारा."

दुसऱ्या कुठल्या देशात यावर लोक हसले असते आणि वडे उचलले असते. नियमकाकांनी मात्र ते अगदी गंभीरपणे घेतलं. त्यांनी निवडणूक कचेरीला फोन लावला. आम्ही सगळे स्टोव्हभोवती बसून ऐकत होतो. "बटाटा. हो, उकडलेला. वरून डाळीचं पीठ. तळलेला. नाही, गोड नाही. आकार?" त्यांनी फोनला दिसावा तसा मुठीचा आकार केला. "होय, भारतात चहाबरोबर खातात असं बाई सांगतात. हो, बाई भारतीयच आहेत." पलीकडच्या माणसाने वरिष्ठांना विचारायला वेळ मागितला. तोवर वडे निवत होते आणि मी मनात त्या वरिष्ठांच्या सात पिढ्या उद्धरत होते.

निकाल आला. वडा दिसायला आणि करायला कोरोक्केसारखा आहे. कोरोक्के म्हणजे तिथलं बटाट्याचं कटलेट, ते दुकानातून आणतात आणि भाताबरोबर खातात. ज्याच्याशी भात खाता येतो ते जेवण. सबब वडा हे जेवण आहे.

"वड्याशी भात कोण खातं!" मी ओरडलेच.

"मी खाल्ला असता," आजी डब्याकडे बघत हळूच म्हणाली.

डबा परत घरी. दोन दिवस आम्ही दोघं वडेच खात होतो. नवरा म्हणाला, "मला मत असतं तर मी तुझ्या बाईलाच दिलं असतं, वडे परत पाठवले म्हणून." मी चिडले होते, पण हार मानणाऱ्यातली नव्हते. तिसऱ्या दिवशी शंकरपाळे घेऊन गेले. नियमकाकांनी एक उचललं, उजेडात धरलं, खाल्लं, डोळे मिटून विचार केला आणि जाहीर केलं, "हे बिस्कीट आहे." मग त्यांनी दुसरं खाल्लं, बहुधा खात्री करायला. संध्याकाळपर्यंत डब्यात चुरासुद्धा उरला नाही.

उमेदवार बाई आमच्या कचेरीत पहिल्यांदा आली ती त्याच दिवशी. छोटीशी, पायात जाड लोकरी मोजे, केस स्वतःच कापल्यासारखे. सगळे उठून उभे राहिले, मीही धडपडत उठले. ती सरळ माझ्यापाशी आली, खाली बसली आणि माझ्या घोट्यावर अंगठा दाबून बघितला. "सूज आहे. मीठ कमी कर. पाय उंच ठेवून बस."

मी गोंधळून म्हटलं, "पण मला मत नाहीये."

"पाय तर आहेत ना," ती म्हणाली.

त्या क्षणी मी तिची झाले. भाषण मात्र तिला अजिबात जमायचं नाही. एखाद्या आईला मुलाच्या तापाचं औषध सांगावं तसं ती भोंग्यातून बोलायची: सावकाश, स्पष्ट, आणि शेवटी काही शंका आहेत का विचारायची. मत मागायचं ती निम्म्या वेळा विसरायची. आजी कपाळाला हात लावायची.

म्हणून शेवटच्या शनिवारी आजीने फर्मान काढलं की सुपरमार्केटसमोर मी बोलायचं. मी! माझं जपानी म्हणजे भाजीवाला, डॉक्टर आणि कचऱ्याचे वार एवढ्यापुरतं. नियमकाकांनी परदेशी माणसाने प्रचारात बोललं तर चालतं, हे आधीच विचारून ठेवलं होतं. नवऱ्याचा चेहरा पडला. कारखान्याचे मालक आत्ताच्या राज्यपालांचे पाठीराखे. त्यांच्या कानावर गेलं तर? "तू येऊ नकोस," मी फणकाऱ्याने म्हटलं. तो आला. मुळ्यांच्या टोपल्यांशेजारी टोपी डोळ्यांवर ओढून उभा राहिला. तिथल्या एकुलत्या एका भारतीय पुरुषाने टोपी ओढून कोणापासून लपायचं होतं ते त्यालाच ठाऊक.

आजीने चार वाक्यं पाठ करून घेतली होती. मी भोंगा हातात घेतला आणि चारही गेली. समोर पिशव्या घेतलेल्या आठ-दहा बायका, एक कुत्रा, आणि बोचरा वारा. मी पोटावर हात ठेवला आणि येत होतं तेवढं बोलले. "मला मत नाही. माझी आई नाही. एप्रिलमध्ये बाळ येणार आहे. मला ते इथे, आजीच्या गावात व्हायला पाहिजे. तेव्हा इथे दार बंद असेल. कृपा करा." आणि वाकले. वाकताना तोल गेला, आजीने दंड धरला.

नेमकी तेव्हाच राज्यपालांची गाडी वळणावरून आली. पांढऱ्या हातमोज्यांतली बाई नाव घेत होती, ती मध्येच थांबली. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवणार. मीही तयार होते, मराठीत का होईना. भोंग्यातून आवाज आला, "समोरच्या पक्षाला शुभेच्छा. आणि बाळाच्या आई, थंडी फार आहे, तब्येतीला जपा." गाडी हळू झाली, सगळे हातमोजे माझ्याकडे बघून हलले, आणि गाडी पुढे गेली. मी काय करणार? मीही हात हलवला. शत्रूपक्षाला हात हलवणारी मी आमच्या घराण्यातली पहिलीच असेन.

मतदानाच्या दिवशी मी आजीबरोबर शाळेपर्यंत गेले आणि फाटकाशी थांबले. तिथे शिक्का नाही की बटण नाही. उमेदवाराचं नाव पेन्सिलीने स्वतःच्या हाताने लिहायचं. आजी बऱ्याच वेळाने बाहेर आली. "सावकाश लिहिलं," ती म्हणाली, "तुझ्याही वाटचं म्हणून." मला तिथेच रडू आलं, पण मी ते थंडीवर ढकललं.

मतदान रात्री आठला संपणार होतं. मी आपल्याकडच्या हिशेबाने रात्रभराची तयारी केली होती: चहा, उशी, शंकरपाळ्यांचा नवा डबा. फेऱ्या होणार, आघाडी-पिछाडी होणार, कोणीतरी फेरमोजणी मागणार. आठचा ठोका पडला, टीव्हीवर घंटी वाजली आणि निवेदकाने राज्यपाल पुन्हा निवडून आल्याचं सांगून टाकलं. एक पेटीसुद्धा उघडली नव्हती! किटलीला उकळी यायच्या आत आम्ही हरलो. "असं कसं?" मी नियमकाकांना विचारत राहिले. ते म्हणाले, लोकांना बाहेर पडताना विचारतात, अंदाज चुकत नाही. चुकलाही नाही. आमच्या गावात मात्र बाईला जास्त मतं होती. गाव करील ते राव काय करील म्हणतात. पण गाव एकच होतं आणि राव सगळ्या प्रांताचे.

उमेदवार बाई शहरातून गाडी हाकत आमच्या कचेरीत आली. सगळ्यांसमोर कमरेत वाकली आणि म्हणाली, "माझी ताकद कमी पडली." सगळे वाकले. मला वाकता येईना, म्हणून मी रडले. मग आजी रडली, मग नियमकाका. हरलेली उमेदवार एकटीच कोरड्या डोळ्यांनी सगळ्यांना रुमाल वाटत फिरत होती. रुमाल देणं कायद्यात बसतं का, हे त्या एका वेळी कोणी विचारलं नाही.

राज्यपाल वाईट माणूस नव्हते. दुसऱ्या आठवड्यात ते गावात आले, स्टेशनासमोर वाकले आणि गरोदर बायकांसाठी शहराच्या इस्पितळापर्यंत रोज बस सोडू म्हणाले. बस खरोखरच सुटली. पण बाळं बसच्या वेळा बघून येत नाहीत. मार्च जवळ आला तशी मी रात्री उठून बसायला लागले. नवरा टॅक्सीवाल्याचा फोन नंबर भिंतीवर लावून त्याच्याकडे देवाकडे बघावं तसा बघायचा. शेवटी मी सासरी पुण्याला फोन करून विमानाचं बघते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "ये गं, दोघींचं एकदम होईल." त्यांच्या मागे नणंद "आई, पाणी" म्हणून हाक मारत होती.

त्याच रविवारी ती डॉक्टरबाई आली. प्रचाराची गाडी नव्हती, तिची स्वतःची जुनी छोटी गाडी होती. आजीच्या स्वयंपाकघरात बसली. नियमकाका आधीच तिथे चहा पीत होते. मला म्हणाली, "माझं घर शहरातल्या इस्पितळाच्या मागच्या गल्लीत आहे. चालत पाच मिनिटं. वरची खोली रिकामी आहे. एप्रिल लागला की तू तिथे यायचं. आजी येणार, तुझा नवरा शनिवार-रविवारी येणार. माझं आजीशी बोलणं झालंय."

मी आजीचा हातच धरला. नियमकाकांनी मात्र कप खाली ठेवला. "माफ करा, पण राजकारणातल्या माणसाने आपल्या मतदारसंघात कोणाला काही द्यायचं नसतं. राहायला जागा म्हणजे…"

"मी पुन्हा उभी राहणार नाही," ती म्हणाली. "मी आता राजकारणातली नाही. डॉक्टर आहे, आणि घरात एकटी असते."

नियमकाकांनी बराच विचार केला. "मग हरकत नाही," ते म्हणाले. आणि लगेच, "माझ्याकडे एक नवी गादी आहे, अजून उघडलेलीही नाही. ती मी गाडीत टाकतो."

मी सासूबाईंना कळवलं. त्यांना माझी काळजी वाटली, आणि थोडा रागही आला असावा. "अगं, पण त्या कोण तुझ्या?" त्यांनी विचारलं. मी काय सांगणार? शेजारणीच्या ओळखीची निवडणूक हरलेली बाई? "सांगते नंतर," म्हणून मी फोन ठेवला.

एप्रिलमध्ये मी त्या वरच्या खोलीत राहायला गेले. सकाळी दोघी म्हाताऱ्या माझ्या जेवणावरून भांडायच्या. एकीला भात जास्त पाहिजे, दुसरीला मीठ कमी. दुपारी डोक्याला तेल लावायला आजीला मी शिकवलं, तर दुसरी म्हणाली, आता मला शिकव. कितीतरी वर्षांनी माझ्या डोक्यावरून कोणाचा तरी हात फिरत होता, आणि मी लहान मुलीसारखी तिथेच झोपून जायचे. इतकी सुखी मी लग्नाच्या आधीही नव्हते.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. आम्ही तिघी चालत इस्पितळात गेलो, एक या हाताला, एक त्या हाताला. खिडकीतल्या नर्सने माझं नाव घेतलं, पत्ता घेतला, आणि सवयीने विचारलं, "बाळंतपणासाठी माहेरी आलात का?" जपानातही पहिलटकरीण आईकडे जाते, त्या घराला ते जिक्का म्हणतात. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कळ आली आणि शब्द आत राहिले.

नर्सने माझ्याशेजारी बघितलं आणि ओळखीचं हसली. "तुम्ही त्या निवडणुकीतल्या ना? चित्र पाहिलं होतं तुमचं."

"ते संपलं," ती म्हणाली. तिने माझी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि माझा हात जरा घट्ट धरला. "मी हिच्या जिक्काची आहे."